पुरवठादारांची आचारसंहिता: सही करायच्या आधी काय बघावं?

प्रेसशॉपवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं प्रेसशॉप आहे. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असली शीट मेटलची कामं. माल एका मोठ्या पार्टीला जातो, ते जोडणी करून पुढे गाडी कंपन्यांना देतात, थोडा एक्सपोर्टही होतो. म्हणजे साखळीत आम्ही बरेच खाली.

मागच्या आठवड्यात त्यांच्या परचेसकडून मेल आला. 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट', बावीस पानी पीडीएफ, इंग्रजीत. शेवटच्या पानावर सही-शिक्का मारून शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर व्हेंडर कोड (आमचा पुरवठादार नंबर) ब्लॉक. ब्लॉक झाला की नवीन पीओ (खरेदीची ऑर्डर) पडत नाही आणि गेटवर पोचलेल्या मालाचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघत नाही. टेम्पो आला तसा परत.

मुलीला बरोबर बसवून सगळं वाचलं. बालकामगार नकोत, वेठबिगारी नको, ओव्हरटाइम धरून आठवड्याला साठ तासांच्या वर काम नको, किमान वेतन द्या, सेफ्टी बघा, प्रदूषण करू नका, लाच देऊ-घेऊ नका, दिवाळीला भेटी पाठवू नका, ड्रॉइंग बाहेर जाऊ देऊ नका. यात वावगं काही नाही. पण पुढे अडलो. हीच सगळी कलमं माझ्या पुरवठादारांकडून पाळून घ्यायची हमी मी द्यायची आहे. माझा प्लेटिंगवाला माझं ऐकणार आहे का? त्यांनी नेमलेला कोणीही न सांगता येऊन तपासणी करणार, खर्च माझा. आणि एक कलम मोडलं तरी ऑर्डर तिथल्या तिथे रद्द, भरपाई शून्य.

पेमेंटबद्दल मात्र बावीस पानांत एक ओळ नाही. पीओवर ६० दिवस लिहिलेत, पैसे नव्वदला येतात. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे दर कापले ते वेगळंच.

सही तर करावी लागणारच. जाणकारांनी सांगा, करताना काय बघू? आणि या कागदाला नक्की अर्थ काय?

गोट्या_सांगवीकर

मालक, सही करा, शिक्का मारा, फाइलला लावा, विसरून जा. आमच्याकडे अशा कोडांचा गठ्ठा आहे. ऑडिटच्या दिवशी सगळ्यांना बूट आणि गॉगल वाटायचे, संध्याकाळी गोळा करायचे. :)

सीए_मुग्धा

गोट्या, हे चेष्टेत ठीक आहे, पण सही केलेला कागद पीओच्या अटींना जोडला जातो. उद्या क्वालिटीवरून भांडण झालं की तोच कागद बाहेर काढून ऑर्डर तोडतात.

प्रेसशॉपवाले, पेमेंटची ओळ त्या पीडीएफमध्ये नसली तरी कायद्यात आहे. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६, कलम १५. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे. करार असेल तर त्यात ठरलेली मुदत, पण ती ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. तुमच्या पीओवरचे ६० दिवस कायद्यापुढे टिकत नाहीत. कलम १६ प्रमाणे उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेसहा धरला तर साडेएकोणीस टक्के झाले. करारात उलट लिहिलं असलं तरी हे लागतं. अट एवढीच की तुमची 'उद्यम' नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु म्हणून हवी आणि ती माल देण्याच्या आधीची हवी. नसेल तर आजच करा, फुकट होते.

२०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आयकरात ४३बी(एच) आणलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. २०२४ च्या मार्चमध्ये बऱ्याच ठिकाणी अडकलेली बिलं पटापट सुटली ती यामुळे. आणि त्याच महिन्यात माझ्या काही क्लायंटना त्यांच्या पार्ट्यांनी तोंडी सांगितलं की उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. सांगणाऱ्यांपैकी एकाच्या वेबसाइटवर आचारसंहिता मराठीतसुद्धा आहे!

तक्रारीची सोयही आहे. २०१७ मध्ये त्यासाठी 'समाधान' पोर्टल आलं, ऑनलाइन तक्रारीवरून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जातं. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला तो कोर्टात आव्हानायचा असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर दात भरपूर आहेत. पण तक्रार टाकणाऱ्याला पुढचा पीओ मिळत नाही, म्हणून लोक ती धंदा तोडायचं ठरल्यावरच टाकतात.

प्रेसशॉपवाला

ताई, उद्यम आहे, लघुमध्ये. ६० दिवस बेकायदा आहेत हे खरंच माहीत नव्हतं. आमचा अकाउंटंट म्हणायचा, पीओवर आपण सही केली म्हणजे संपलं.

स्टुटगार्टचा_बापू

तुमच्याकडे हा मेल आत्ता का आला ते सांगतो. मी इथे एका मशिनरी कंपनीच्या खरेदी विभागात आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळी कायदा लागू झाला. आधी ३००० कामगारांच्या वरच्या कंपन्यांना, २०२४ पासून १००० च्या वरच्यांना. पुरवठादाराकडे मानवी हक्कांचं उल्लंघन होतंय का ते शोधायचं, होत असेल तर थांबवायचे प्रयत्न करायचे, तक्रारीची वाट उघडी ठेवायची. मोठ्या कंपन्यांना दंड वार्षिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत. हे आलं आणि इथल्या प्रत्येक कायदा खात्याने पहिलं काम काय केलं असेल? पीडीएफ तयार केली आणि खाली ढकलली. ती तुमच्या पार्टीकडे आली, तिने लोगो बदलून तुमच्याकडे. तुम्ही प्लेटिंगवाल्याकडे पाठवाल.

गंमत अशी की याच कायद्यात कंपनीने स्वतःची खरेदीची पद्धत तपासून सुधारावी असंही कलम आहे. दर किती पाडतो, मुदत किती देतो, शेड्यूल किती वेळा बदलतो, हे सगळं त्यात येतं. कायदा बघणाऱ्या सरकारी कार्यालयाने तर स्पष्ट सांगितलंय की सगळी जबाबदारी सरसकट हमीपत्राने पुरवठादारावर ढकलली तर ती पाळली असं धरणार नाही. ते पान मात्र पीडीएफमध्ये उतरत नाही. २०२५ मध्ये सरकार हा कायदा सैल करायला निघालं, तेव्हा पुढे किती उरेल ते बघू.

गुहागरी

नैतिकतेच्या पुस्तिकांबद्दल आम्हा गुहागरकरांना कोणी शिकवू नये. आमच्या दारात एन्रॉन होती, दाभोळ वीज प्रकल्पवाली अमेरिकन कंपनी!

एन्रॉनची आचारसंहिता ६४ पानी होती. जुलै २००० ची आवृत्ती, वर चेअरमन केनेथ ले यांची प्रस्तावना. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही चार मूल्यं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्या पुस्तिका लोकांनी ईबेवर गंमत म्हणून विकल्या. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. याहून भारी भाग पुढे आहे. हितसंबंधांच्या आड येणारं काम अधिकाऱ्याने करू नये असं कलम त्यात होतं. कंपनीचा सीएफओ अँड्र्यू फास्टाव याला स्वतःच्याच भागीदारी संस्था काढून एन्रॉनशी व्यवहार करायचे होते. तर १९९९ मध्ये संचालक मंडळाने ठराव करून त्याला त्या कलमातून सूट दिली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नियम कोणी चोरून मोडला नाही, रीतसर बैठक घेऊन बाजूला ठेवला.

आपल्याकडच्या सत्यम या आयटी कंपनीलाही २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा (चांगल्या कारभाराचा) गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. २००९ च्या जानेवारीत तिचे चेअरमन राजू यांचं हिशोबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र आलं, मग पुरस्कार परत घेतला.

गोट्या_सांगवीकर

म्हणजे माझंच बरोबर. फाइलला लावा.

निवृत्त_सेफ्टी

गोट्या, तुझी बोटं मोज आधी. हलकं घे, पण खरंच मोज.

मी बरीच वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, आता लहान कारखान्यांना सल्ला देतो. प्रेसशॉपवाल्यांचा धंदा पॉवर प्रेसचा आहे म्हणून हे नीट लिहितो. कोडमध्ये ओळ असते: 'यंत्रांना योग्य संरक्षक व्यवस्था असावी'. तपासनीस येतो, प्रेससमोर लाइट कर्टन (हात ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवलेला दिसतो, हात मध्ये घातला की लाल दिवा लागतो. टिक. पण भोसरी-चाकणमध्ये आजही जुने पिन क्लचचे प्रेस आहेत. पिन क्लचचा स्ट्रोक एकदा सुटला की पूर्ण खाली येऊन वर गेल्याशिवाय थांबत नाही. सेन्सरने सिग्नल दिला तरी यंत्र अर्ध्यात थांबणारच नाही. तिथे तो पडदा निव्वळ शोभेचा. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड लागतो, किंवा मध्येच थांबू शकणारा एअर क्लच-ब्रेकचा प्रेस घ्यावा लागतो. दुसरं, दोन हातांनी दाबायची बटणं. पीस-रेटवर काम असलं की एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी किती ठिकाणी पाहिलंय. पट्टी कामगार लावतो, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो, कारण संध्याकाळचा टेम्पो भरायचा असतो.

हरियाणात मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था आहे. वाहन उद्योगात बोटं गमावलेल्या कामगारांवर ती २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. जखमा बहुतेक पॉवर प्रेसवरच्या, आणि त्या गाडी कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पुरवठादारांकडे. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड बऱ्याच जणांच्या हातात पडतं ते अपघात झाल्यावर. गाडी कंपन्यांचे कोड पहिल्या पायरीवर थांबतात आणि बोटं खाली तुटतात, असं ते वर्षानुवर्षं आकड्यांनिशी मांडतायत.

प्रमाणपत्रावर विसंबणाऱ्यांनी कराचीची अली एंटरप्रायझेस आठवावी. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्या कपड्याच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग लावण्यात आली होती हे पुढे कोर्टात ठरलं, पण माणसं मेली ती कुलूपबंद दारं आणि गजांच्या खिडक्यांमुळे. ती दारं प्रमाणपत्र देताना कोणी ढकलून पाहिली नसावीत.

प्रेसशॉपवाला

काका, आमच्याकडे तीन प्रेस पिन क्लचचे आहेत. गार्ड आहेत, पण डाय बदलली की काढलेला गार्ड परत लावायचा कंटाळा करतात. उद्या सकाळी स्वतः उभा राहतो. नवीन एअर क्लचचा प्रेस घ्यायचा तर दर कापणाऱ्यांनी तो कशातून घ्यायचा तेही सांगावं.

परचेस_मधला_एक

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी टेबलाच्या पलीकडचा, एका ऑटो कंपोनंट कंपनीत सोर्सिंगला. सगळ्यांनी परचेसवाल्याला खलनायक करून टाकलंय, म्हणून आमची बाजू.

पहिलं, व्हेंडर काही धुतल्या तांदळाचे नसतात. एका व्हेंडरकडे कोवळी पोरं पॅकिंगला बसलेली मी बघितलीत, सगळ्यांच्या आधारवर जन्मतारीख एकच, १ जानेवारी. एका प्लेटरने स्लज (प्लेटिंगचा घातक गाळ) रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवल्याची मॅनिफेस्ट (वाहतुकीची पावती) दाखवली. गाडीचा नंबर तपासला तर ती स्कूटर निघाली. कोड नसता तर कशाच्या आधारावर त्यांना बंद केलं असतं? रेट स्वस्त आहे, माल वेळेवर येतोय, वरचे म्हणाले असते राहू दे.

दुसरं, कोडचा मला स्वतःला फायदा झालाय. वरच्या साहेबांच्या पाहुण्याला काम द्या असा फोन आला तेव्हा हितसंबंधांचं कलम मेलमध्ये चिकटवून 'कृपया लेखी मंजुरी द्यावी' असं लिहिलं. मंजुरी आली नाही, पाहुणाही आला नाही.

पण प्रेसशॉपवाल्यांचं दुखणं खरं आहे आणि ते कुठून येतं तेही सांगतो. माझ्या केआरएमध्ये (वर्षाच्या कामाच्या उद्दिष्टांत) कॉस्ट सेव्हिंग असतं, टक्क्यांत. पेमेंट वेळेवर गेलं का, याला एकही मार्क नाही. ते फायनान्सकडे, आणि वर्किंग कॅपिटल कमी लागलं की फायनान्सची पाठ थोपटतात. वर्किंग कॅपिटल कमी लागण्याचा सगळ्यात सोपा उपाय व्हेंडरचे पैसे महिनाभर पुढे ढकलणं. आणि कोड पाठवणारं खातं तिसरंच, नियमपालन बघणारं कंप्लायन्स. त्यांचा केआरए म्हणजे किती टक्के व्हेंडरच्या सह्या आल्या. म्हणून तो 'शुक्रवारपर्यंत'. या तिघांना मी एका खोलीत बसलेलं अजून पाहिलेलं नाही.

सीए_मुग्धा

हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. +१

प्रेसशॉपवाला

अनुमोदन. आणि साहेब, त्यात चौथं खातं घाला, प्रॉडक्शन प्लॅनिंग. शनिवारी दुपारी शेड्यूल दीडपट करून मेल येतो, सोमवारी पहिल्या पाळीला माल हवा. लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्या बिलातून वजा. आता रविवारी माणसं बसवली की साठ तास ओलांडतात आणि कोड मोडतो. बसवली नाहीत तर डेबिट नोट. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने द्यायचा आणि पीसचा दर तोच. कोड मोडायची ऑर्डर आणि कोड पाळायची ऑर्डर एकाच डोमेनवरून येते.

इचलकरंजीकर

हे सगळं कपड्याच्या धंद्यात आधी होऊन गेलंय. पुरवठादारांसाठी असा कोड पहिल्यांदा आणणाऱ्यांत लिव्हाय स्ट्रॉस होती, १९९१. पाठोपाठ १९९२ मध्ये नायकी. तेव्हापासून कोड वाढत गेले, ऑडिटांचा स्वतंत्र धंदा झाला, आणि २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला. ११३४ माणसं. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या कापड कारखान्यांतल्या बायकांना मात्र कामावर चढवलं, कारण शिपमेंट होती. तिथल्या काही कारखान्यांची सोशल ऑडिटं झालेली होती. इमारत उभी राहील का, हा प्रश्नच त्यांच्या यादीत नव्हता.

त्यानंतर कारखान्यांच्या सुरक्षेचा जो 'अ‍ॅकॉर्ड' (करार) झाला तो बघण्यासारखा आहे, कारण तो आपल्याकडे येणाऱ्या पीडीएफसारखा नव्हता. एका बाजूला दोनशेहून जास्त ब्रँड, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, आणि करार कायद्याने बांधणारा. तपासणीचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले. आणि मुख्य म्हणजे ब्रँडवरही बंधनं: कारखान्याला दुरुस्ती परवडेल अशी सोय करा, आणि निदान पहिली दोन वर्षं ऑर्डरी काढून घेऊ नका. दोन ब्रँडनी टाळाटाळ केली म्हणून संघटनांनी त्यांना हेगच्या लवादात ओढलं. त्यातल्या एकाने २०१८ मध्ये तेवीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. खरेदीदाराला खेचता येतं असा कोड मी तरी तो एकच पाहिला.

आमच्या गावच्या पॉवरलूमवर हे पोचलेलं नाही. इथे साठ तास म्हटलं की लोक हसतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत.

प्लेटिंग_कट्टा

धाग्यात दोनदा 'प्लेटिंगवाला' वाचून आलो. जो तो आमच्यावरच. मान्य, आमच्यात चोर आहेत. पण झिंक प्लेटिंगचा किलोचा दर काढा, त्यात ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवा, स्लजची गाडी पाठवा, एमपीसीबीची (प्रदूषण मंडळाची) कन्सेन्ट फी भरा आणि काय उरतं ते मला सांगा. ज्याने ईटीपी बंद ठेवला त्याचा दर कमी, आणि ऑर्डर त्याला. वर्षाच्या शेवटी तोच पार्टीवाला मला कोडची पीडीएफ पाठवतो. मी त्यावर सही करतो, कारण माझा ईटीपी चालतो. तोही करतो, कारण त्याला सहीचं काही वाटत नाही.

परचेस_मधला_एक

दादा, याला उत्तर नाही माझ्याकडे. एक करता येतं, आणि आम्ही दोन पार्टसाठी केलंय. कोटेशनमध्ये ईटीपी आणि कचऱ्याचा खर्च वेगळी ओळ म्हणून मागायचा आणि त्या ओळीवर घासाघीस करायची नाही. ज्याची ती ओळ रिकामी, त्याचं कोटेशन बाद. सगळ्या पार्टसाठी करा म्हटलं तर वरून नाही आलं.

केजची_पोर

साखळीच्या अगदी तळाचं लिहिते. आई-बाबा कोयत्यावर जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. दिवाळीआधी मुकादम उचल देतो, ती फेडायला पाच-सहा महिने फड. हिशोब जोडीचा होतो, उचल नवऱ्याच्या नावावर, बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. पहाटे अंधारात तोड सुरू, रात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. एक दिवस खाडा झाला की दंड कापतात, त्यालाही 'खाडा'च म्हणतात.

२०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनेच सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. सगळ्या ऊसतोड बायकांच्या नव्हेत, पण खाडा आणि पाळी यांचा संबंध आमच्याकडे कोणालाही विचारा. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठा शोध छापला. त्यात महाराष्ट्राच्या साखरेचे ग्राहक म्हणून कोका-कोला आणि पेप्सिको यांची नावं होती. दोन्ही कंपन्यांचे पुरवठादारांसाठी कोड आहेत, त्यात बालकामगार आणि वेठबिगारी दोन्हीला मनाई आहे.

आता कोड कुठे अडकतो बघा. कंपनी म्हणते आमचा पुरवठादार साखर कारखाना. कारखाना म्हणतो ही माणसं आमची नाहीत, तोडणी-वाहतुकीचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो मुकादमाला विचारा. मुकादम आमच्यातलाच, तोही उचलीत. प्रेसशॉपवाले काका बावीस पानांवर सही करून अडकतात तरी. इथे सही कोणाचीच नाही, कारण कोणी कोणाचं कामगार नाही.

निवृत्त_सेफ्टी

पोरी, छान लिहिलंस. कारखान्यात कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९७० पासून आहे. फडावर पोचेपर्यंत ते हवेत विरून जातं.

गोट्या_सांगवीकर

रच्याकने, आता माझी चेष्टा मलाच बरी वाटत नाहीये. एक विचारतो. परचेसचा माणूस टक्का मागतो, आणि कोडमध्ये लाच देऊ नका लिहिलंय. तक्रार कुठे करायची? कोडच्या खाली दिलेल्या हॉटलाइनवर? एका पार्ट नंबरचे आम्ही दोनच व्हेंडर, नाव न देता फोन केला तरी कोणी केला ते संध्याकाळी कळेल.

सीए_मुग्धा

बरोबर शंका आहे. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सरकारी नोकरांपुरता आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना कळवलं तरच सुटका. पण खाजगी कंपनीतल्या खरेदीवाल्याने टक्का खाल्ला तर हा कायदा लागत नाही, मग विश्वासघात, फसवणूक अशा कलमांकडे वळावं लागतं आणि व्यवहारात तक्रार बहुधा कंपनीलाच करावी लागते. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात खाजगी लाचही येते. तुमच्या पार्टीची मूळ कंपनी तिकडची असेल तर तिथल्या हॉटलाइनवर लिहा, इथल्या एचआरकडे नको. तिकडे हलतात, कारण अशी लाच रोखायची पुरेशी व्यवस्था नव्हती हे कंपनीवरच शेकतं.

प्रेसशॉपवाला

मंडळी, अपडेट. सही केली. त्याबरोबर कव्हरिंग लेटर जोडलं, मुग्धाताईंनी मसुदा बघून दिला. मजकूर साधारण असा: आम्ही ही संहिता मान्य करतो. पुरवठादारांच्या बाबतीत तिची प्रत देणं, त्यांच्याकडून लेखी घेणं आणि वर्षातून एकदा भेट देणं एवढं आम्ही करू, हमी देऊ शकत नाही. अपघात किंवा जिवाला धोका सोडून इतर त्रुटींसाठी दुरुस्तीला नव्वद दिवस मिळावेत. तपासणीत मोठी त्रुटी निघाली तर खर्च आमचा, नाही निघाली तर आपला. संहितेत 'सर्व लागू कायदे' म्हटलं आहे त्यात एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ येतं असं आम्ही समजतो. आणि ४८ तासांच्या आत वाढवलेल्या शेड्यूलवर कामाच्या तासांची मर्यादा पाळल्यामुळे उशीर झाल्यास डेबिट नोट लागू नये.

परचेसमधून फोन आला. म्हणे असं पत्र कोणी देत नाही, सिस्टिममध्ये अपलोड करायला जागाच नाही. मी म्हटलं मेलला जोडून ठेवा. व्हेंडर कोड ब्लॉक झालेला नाही. डेबिट नोटच्या मुद्द्याला सरळ 'नॉट अ‍ॅक्सेप्टेड' असं उत्तर आलंय, बाकीच्यांना उत्तरच नाही.

सीए_मुग्धा

मेल जपून ठेवा, पोचपावतीसकट. आणि पुढच्या बिलापासून इन्व्हॉइसवर उद्यम नंबर आणि 'लघु उद्योग' छापा. उगाच वाद न घालता फायनान्सच्या सॉफ्टवेअरला तो दिसला पाहिजे, मार्च आला की तेच तुम्हाला फोन करतील.

परचेस_मधला_एक

हे खरं आहे. आमच्याकडे मार्चमध्ये त्या नंबरांची वेगळी यादी निघते.

वसईची_ट्रेडर

उशिरा आले धाग्यावर. मी फास्टनर्सची होलसेल ट्रेडर आहे, उद्यम नोंदणीही आहे. मला हे ४५ दिवसांचं लागू होतं का?

सीए_मुग्धा

नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यमवर नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांनाच. तुमची मुदत पीओवर काय लिहून घेता तेवढीच, तेव्हा व्याजाची ओळ कोटेशनमध्येच टाका.